दम

मराठी भाषेने 'दम' या दोन अक्षरी शब्दावर किती कामे लादली आहेत! जिना चढल्यावर लागतो तो दम, पहिलवानाच्या अंगात असतो तो दम, उतावळ्याने धरायचा तो दम, आणि शेजारच्या पोराला गच्चीवरून द्यायचा तोही दमच. त्याला एक काना जोडला की मात्र थेट दवाखाना गाठावा लागतो.

आमची नात चौदा वर्षांची. आठशे मीटर पळते. गेल्या वर्षी दिवाळी संपली, पुण्यात थंडी पडली आणि पहाटेच्या सरावानंतर तिला खोकल्याची उबळ येऊ लागली. छातीत बारीक शिट्टी वाजे. गंमत अशी की, पळताना फारसे काही होत नसे. थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी सारे सुरू होई. मैदानावरच्या जाणत्यांनी निकाल दिला, "पोरीत दम नाही." आमच्या सौभाग्यवतींनी आल्याचा काढा सुरू केला. पोर रडली नाही, पण बूट कोपऱ्यात पडून राहू लागले. ते मला बघवेना.

डॉक्टरांनी तिला पळवले आणि पळण्याआधी व नंतर एका यंत्रात फुंकायला लावले. मग मला समजावून सांगितले. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो. जीव तोडून पळणाऱ्या धडधाकट माणसाला १०० लिटरही लागते. एवढी हवा नाकाच्या चिंचोळ्या दारातून यायची कशी? तोंड उघडते. नाक म्हणजे जुन्या वाड्यावरचा खाष्ट दरवान. आलेल्या हवेची धूळ झटकतो, तिला ऊब देतो, ओलावा देतो, मगच आत सोडतो. तोंड म्हणजे सताड उघडा दिंडीदरवाजा! गार, कोरडी हवा लोटली की श्वासनळ्यांच्या अस्तरातला ओलावा उडतो, अस्तर चिडते आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. त्यात धूर असला की आगीत तेल. धुरातले अडीच मायक्रॉनचे कण केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढे. ते फुप्फुसाच्या अगदी माजघरापर्यंत पोचतात.

म्हणजे ज्याचा दम मोठा, त्याच्या वाट्याला शहराचा धूरही मोठा! आळशी माणसाला एवढा चांगला आधार कोणत्याच शास्त्राने दिला नसेल.

थंडीतल्या सकाळी पर्वतीच्या पायऱ्या चढून खाली पाहावे. खाली गार हवा, तिच्यावर उबदार. त्यामुळे रात्रीचा धूर वर जातच नाही. पातेल्यावर झाकण ठेवावे तसा करडा थर शहरावर बसलेला असतो. ऊन चढले की झाकण निघते. आणि आपण 'पहाटेची शुद्ध हवा' म्हणून नेमके झाकणाखाली धावतो!

मैदानावरच्या जाणत्यांना मी एक गोष्ट ऐकवली. ब्रिटनचा स्टीव्ह ओव्हेट १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचा विजेता. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेत तोच अंतिम शर्यतीत शेवटचा आला आणि रुग्णालयात पोचला. तरी गडी पुन्हा १५०० मीटरला उतरला. अंतिम शर्यतीच्या शेवटच्या फेरीत मात्र त्याला बाजूला व्हावे लागले. २००८ साली बीजिंगला मॅरेथॉनचा त्या वेळचा विश्वविक्रमवीर हैले गेब्रसेलासी याने दम्यामुळे, तिथल्या हवेच्या धास्तीने, मॅरेथॉनच सोडली आणि तो १०,००० मीटर पळाला. यांच्यात दम नव्हता असे म्हणायची छाती आहे कुणाची?

अर्थात गेब्रसेलासीला शर्यत निवडता आली. आमच्या गल्लीत भल्या पहाटे खराटा चालवणाऱ्या बाईंना ती सोय नाही. मंडईत हातगाडी ओढणाऱ्या हमालालाही नाही. त्यांचा श्वास पळणाऱ्यासारखाच फुललेला असतो, आणि त्यांना कुणी यंत्रात फुंकायला लावत नाही.

डॉक्टरांनी पळणे बंद केले नाही, हे महत्त्वाचे. पळण्याआधी ओढायचा पंप दिला, पळण्याआधी अंग हळूहळू तापवायला सांगितले आणि रहदारीचा रस्ता सोडवला. आता ती शाळा सुटल्यावर टेकडीवर पळते. निघण्यापूर्वी फोनवर हवेचा आकडा बघते. फार चढला असेल तर घरातच दोरीच्या उड्या.

यंदा नरकचतुर्दशीला तिने पहाटेची सुट्टी जाहीर केली आहे. "आकडा उतरला तर संध्याकाळी जाईन," म्हणते. सौभाग्यवतींना वेगळीच चिंता : "सकाळी फराळ चापून ही संध्याकाळी पळणार कशी?"

"आजी, माझ्या चकल्या डब्यात ठेव," नातीने सांगून टाकले, "आणि आजोबांना डबा दाखवू नकोस."