आम्ही पाणमांजरे मोजली

आमच्या गावाजवळून तिलारी नदी वाहते. पुढे ती गोव्यात जाते, तिथे तिला शापोरा म्हणतात. आमच्या नदीत पाणमांजरे आहेत. म्हातारी माणसे त्यांना ऊद म्हणतात. नाव मांजर, पण मांजर पाण्याला भिते आणि याला पाण्याशिवाय करमत नाही. भारतात त्यांच्या तीन जाती आहेत, असे गुरुजींनी सांगितले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर गुरुजींनी आम्हा पाच मुलांना चार रविवार नदीवर नेले. कोंडाजवळ वाळू आहे. तिथे मला ठसे दिसले व मी मोठ्याने ओरडलो. गुरुजी म्हणाले, "आधी बोटे मोज." बोटे चारच होती. तो कुत्रा निघाला! सगळे मला हसले. पाणमांजराच्या ठशात पाच बोटे असतात, आणि बोटांमध्ये बदकासारखा पडदा असतो.

पुढे एका सपाट दगडावर त्यांची विष्ठा होती. ती पुन्हा पुन्हा त्याच जागी येतात. गुरुजींनी काडीने ती फोडली. आत माशांचे खवले व कुर्ल्यांच्या कवचाचे तुकडे होते. वास फार घाण होता, पण मी वाकून बघितले.

तिसऱ्या रविवारी खरी पाणमांजरे दिसली. आम्ही दगडामागे गप्प बसलो होतो. बुडी मारताना त्यांचे कान व नाकपुड्या बंद होतात. गढूळ पाण्यात त्यांना मिशांनी मासा कळतो. एकाने दोन्ही हातांत मासा धरून कुडुमकुडुम खाल्ला. नंतर ती वाळूत लोळली. अंग सुकवायला त्यांना अशी वाळू लागते. वाळू उपसून नेली की ती कुठे लोळणार?

त्या दिवशी ३ दिसली, चौथ्या रविवारी ४ दिसली. माझ्या मित्राने बेरीज करून वहीत ७ लिहिले. गुरुजींनी ते खोडले. म्हणाले, "तीच परत आली असतील. एका वेळी जास्तीत जास्त ४ दिसली, म्हणून निदान ४ आहेत असे लिहा." बेरीज बरोबर आणि उत्तर चूक, असे मी पहिल्यांदाच पाहिले.

त्यांचे बीळही आम्हाला सापडले. ते काठावरच्या एका झाडाच्या मुळांत आहे.

आता घरची गोष्ट. बाबा रात्री नदीत जाळे लावतात. एका सकाळी जाळे फाटलेले होते व अर्धे खाल्लेले मासे त्यात लटकत होते. बाबा मला म्हणाले, "तुझ्या उदान माझा जाळा फाडल्यान. खंय रवता तो, सांग." मी म्हणालो, "माका म्हायत नाय." मी बाबांशी खोटे बोललो. पाणमांजर मारायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, हे मला ठाऊक होते. पण जाळ्याला पैसे पडतात, हेही ठाऊक होते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

हे भित्तिपत्रक वाचायला पालक येणार आहेत. बाबापण येतील. म्हणून झाड कसले, ते मी इथे लिहिलेले नाही. बाबा, जाळे शिवायला मी रोज तुमच्याबरोबर बसेन, पण झाड विचारू नका.