नदी आली!

दिवाळीची सुटी लागली की आमची गाडी ठाण्याहून रत्नागिरीकडे निघते. गाडी सूनबाई चालवते. चिरंजीव रजा मिळेल तसे मागाहून कोकणकन्येने येतात. सव्वातीनशे किलोमीटरांहून अधिक वाट, आणि मागच्या बाकावर दोन नातवंडे. नात दहा वर्षांची, नातू सात. या दोघांना दिवसभर रमवायचे काम घरच्यांनी एकमताने माझ्याकडे सोपवले आहे. निवृत्त माणसाला कोणीही काहीही सोपवते!

भेंड्या पेणच्या पुढे टिकत नाहीत. मोबाईल हातात दिला तर शांतता लाभते हे खरे, पण ती घाटापर्यंतच. डोळे पडद्यावर खिळलेले आणि शरीर वळणावळणाला हेलकावे घेते आहे, असे झाले की पोटात ढवळू लागते. मग आवळासुपारी काढा, लिंबू हुंगवा, गाडी थांबवा. मळमळ टाळायची तर नजर खिडकीबाहेर लांबवर हवी. आमच्या लहानपणी एस. टी.त बाहेर पाहण्यावाचून दुसरा उद्योगच नव्हता, त्यामुळे हे शहाणपण आम्हाला फुकट मिळाले.

पण खिडक्या दोनच. त्यातली एक आजीची. ती जागा ध्रुवाची. उरलेल्या एका खिडकीसाठी जे महाभारत होई, त्यातून आमचा खेळ जन्माला आला. पूल येण्याआधी जो नदीचे नाव सांगेल, त्याची खिडकी पुढच्या नदीपर्यंत. लागोपाठ दोन नद्या एकाला नाहीत. ओढे, नाले मोजायचे नाहीत. नागोठण्याची अंबा, कोलाडची कुंडलिका, महाडची सावित्री, खेडची जगबुडी, चिपळूणची वाशिष्ठी, संगमेश्वरची शास्त्री आणि शेवटी बावनदी, अशा आमच्या सात नद्या.

दोन प्रवासांत दोघांना सातही पाठ झाल्या. मग प्रश्न सुरू झाले. जग बुडवणारी नदी एवढीशी कशी? मी म्हटले, आषाढात ये आणि तिलाच विचार. नदी जाते कुठे? कुंडलिका रेवदंड्याला, सावित्री बाणकोटला, शास्त्री जयगडला समुद्राला मिळते. जगबुडी आधी वाशिष्ठीला भेटते आणि मग दोघी मिळून दाभोळला जातात. हे ऐकून आजी म्हणाली, "बहिणी-बहिणी माहेराला निघाल्या म्हणायच्या!" मी म्हटले, माहेर मागे सह्याद्रीत, समुद्र हे सासर. त्यावर दोघांचे वाशिष्ठीपर्यंत चालले.

नातीची बुद्धी मात्र हिशेबी. तिच्या ध्यानात आले की सावित्रीपासून जगबुडीपर्यंतचा टप्पा ऐसपैस आहे. तेव्हा कुंडलिका आली की ही मुद्दाम मुकी होते. नातू विजयाने ओरडतो, खिडकीशी बसतो, आणि नियमाप्रमाणे सावित्रीला त्याचे तोंड बंद!

गेल्या वर्षी महाडजवळ तिने तोंड उघडले, पण आजीने हात जोडलेले पाहून ती थबकली. "आजी पाया का पडते?" मला सांगावे लागले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिश अमदानीतला जुना पूल पुरात वाहून गेला. कोकणातून मुंबईकडे निघालेल्या दोन एस. टी. गाड्या अंधारात नदीत गेल्या. पुढच्याच वर्षी नवा पूल झाला. आपण त्यावरून जातो आहोत.

मुलांना हे सांगावे का? माझे मत विचाराल तर, सांगावे. ज्या वाटेने घरी जायचे, त्या वाटेवर काय घडले ते घरच्या माणसाकडूनच कळलेले बरे.

गाडीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. सूनबाईने वेग कमी केला. पूल संपल्यावर नातू म्हणाला, "त्या गाडीत मुलं होती का गं आजी?" आजीने त्याला जवळ ओढले. नातीने मग एक नवा नियम केला: सावित्रीला ओरडायचे नाही, हळू नाव घ्यायचे. आम्ही तो मान्य केला. खिडकी मात्र तिने सोडली नाही.

यंदा नातवाने नवीच तक्रार काढली आहे. परतीच्या वाटेवर नद्या उलट्या येतात, मोठा टप्पा जगबुडीपासून सुरू होतो, आणि ताईने तोही हिशेब करून ठेवला आहे! त्याला कायद्यात दुरुस्ती हवी. फराळाचे डबे भरता भरता आमच्या वाटाघाटी चालू आहेत; दोन चकल्या मी आधीच लाच म्हणून खाल्ल्या आहेत.