सुटे गिरान

‘दे दान, सुटे गिरान.’ चारच शब्द, पण गेले कित्येक दिवस डोक्यातून जात नाहीत.

लहानपणी मला ‘गिरान’ म्हणजे गिरणी वाटायची. ग्रहणाच्या दिवशी दारात ही हाळी यायची, आजी सुपात ज्वारी घेऊन उठायची, आणि धान्य निघालं की ते गिरणीतच जातं एवढं मला ठाऊक होतं. ‘ग्रहण’ बोलीत उतरून ‘गिरान’ झालं, हे पुढे कळलं. तरी अर्थ पुरता लागत नाही. दान दिलंत तर ग्रहण सुटेल, असा हा करार आहे? की ते सुटतंच आहे, तुम्ही आपलं दान द्या, एवढंच? ‘सुटे’मध्ये दोन्ही मावतं. हाळीत देवाचं नाव नाही. सुटायचं कुणी, तेही सांगितलेलं नाही. सूर्यानं, देणाऱ्यानं, की मागणाऱ्यानं?

16 फेब्रुवारी 1980. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा खाली रायचूरजवळून गेला. आमच्या सोलापूर जिल्ह्यात सूर्याची बारीक कोर उरली. वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडलं आणि ती कोर भिंतीवर उतरवून दाखवली. वेध पाळून ते सकाळपासून उपाशी होते. चंद्राची सावली समजावतानाचा त्यांचा आवाज जितका मनापासूनचा, तितकीच ग्रहण सुटल्यावरची आंघोळही. एका माणसात हे दोन्ही कसं राहतं, मी कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

असं राहणं जुनंच म्हणा. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520मध्ये ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. ‘ज्या’ म्हणजे साइनच्या कोष्टकांची कटकट टाळून ग्रहणाचं गणित करायची रीत त्यांनी दिली आणि आपल्याकडचे पंचांगकर्ते शतकानुशतकं तिच्यावर चालले. राहूच्या भुकेवर असं गणित बसवता येत नाही. त्यांच्याही आधी हजारेक वर्षं, 499च्या सुमारास, आर्यभटानं ग्रहण म्हणजे छाया हे सांगून ठेवलं होतं. त्या गणितातून निघालेल्या वेळा पंचांगात ज्या शब्दांनी छापतात ते शब्द मात्र पाहावेत : स्पर्श, मध्य, मोक्ष.

‘स्पर्श’पाशी मी अडतो.

कारण आजी ती ज्वारी वरून ओतायची. हाळी देणारी बाई पायरीखाली पदर पसरून उभी असायची आणि सूप पदराला लागू नये इतकं अंतर आजी राखायची. राहू-केतू मांगांचे, असं आमच्याकडे मानत; त्या वस्तीला दान पोचलं की राहूची पकड सैल होते म्हणत. आभाळातला विटाळ फिटावा म्हणून ज्यांना द्यायचं, जमिनीवर विटाळ त्यांचाच. एके काळी तर त्यांची सावलीही अंगावर पडू देत नसत. वडील भिंतीपाशी मला सावलीच शिकवत होते, आणि दारातही सावलीचाच प्रश्न उभा होता.

22 जानेवारी 1898ला आमच्याच जिल्ह्यातल्या जेऊरला खग्रास सूर्यग्रहण दिसलं. पुण्याहून प्रा. कावसजी नायगमवाला उपकरणं घेऊन आले, अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळी आली. त्या दिवशी दुर्बिणींच्या पलीकडे, गावात, हीच हाळी फिरली असेल असं मला सारखं वाटतं. इतक्या जवळ आलेलं विज्ञान त्या पायरीपर्यंत गेलं नाही. जायला हवं होतं, असं तरी मी कोणत्या हक्कानं म्हणू? माझ्या घरात ते राहत होतं, आणि तरी पायरी उतरलं नाही.

हाळी थांबली ती ग्रहणाचं कारण कळल्यामुळे थांबली नसावी. शिळे तुकडे मागणं सोडा, असं डॉ. आंबेडकरांनी 1927मध्ये महाडला सांगितलं. 1956मध्ये नागपूरला लाखोंनी धम्म स्वीकारला. असं मागणं ज्यांच्या वाट्याला आलं होतं त्यांतल्या पुष्कळांनी ते टाकून दिलं. मग धर्मानं लावलेलं ग्रहण धर्मानंच सोडवलं म्हणायचं? की त्या धम्मातल्या विवेकानं? वडिलांचा पुठ्ठा खरा आणि आजीचं सूप खोटं, असं लिहायला मी बसलो होतो. पण त्या संध्याकाळी त्या बाईच्या घरी चूल पेटली असेल तर ती सुपातल्या ज्वारीवर. आणि पायरीखाली उभं केलं तेही सुपानंच.

7 सप्टेंबर 2025च्या रात्री ढगांच्या फटीतून तांबूस चंद्र दिसला. मुलांना मी पृथ्वीची सावली दाखवली. खाली रस्त्यावर कुणी येणार नव्हतं, येऊही नये, तरी माझा एक कान तिकडेच होता.

1980च्या त्या दुपारी वडिलांनी त्या बाईला आत बोलावून भिंतीवरची कोर दाखवली होती का, हे मी फार आठवून पाहतो. पुठ्ठा आठवतो. पदरात पडणाऱ्या ज्वारीचा आवाज आठवतो.