हौद्यातलं लाल पाणी

पिकअपच्या हौद्यात अंथरायला काहीतरी घ्यायचं, एवढंच काम होतं. त्यासाठी धाकट्या भावाने मला तीन रविवार चिंचोळी एमआयडीसीत आणि शहरातल्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत फिरवलं. मला गाडीतलं काही कळत नाही. पण मोठा भाऊ म्हणून दुकानदारासमोर उभं राहायचं, शेवटी "थोडं कमी करा की" म्हणायचं, एवढं जमतं.

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की मोहोळच्या अलीकडे चिंचोळी एमआयडीसी लागते. टॉवेल आणि चादरी म्हटलं की लोकांना अक्कलकोट रोडची एमआयडीसी आठवते. चिंचोळीत रसायनांचे, औषधांचे मोठे कारखाने आहेत, गाड्यांचे कॅमशाफ्ट इथे बनतात. भावाचं भाडं दोन्हीकडचं. सकाळी सुताच्या कोनांची पोती, दुपारी पांढऱ्या टॉवेलचे गठ्ठे, संध्याकाळी कुणाचे तरी कास्टिंगचे क्रेट, नाहीतर निळे ड्रम. आणि बकरी ईदच्या आधी आठ-दहा दिवस सांगोल्याच्या बाजारातून बकरे.

एका हौद्यात एवढं सगळं. कास्टिंगने रंग खरवडला जातो, खरवडलेल्या जागी पाणी बसतं, त्यावर बकऱ्यांचं मूत. मुतातला क्षार पत्र्याला असा खातो की दोन ईदीनंतर पन्हाळीत स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आत जाईल. गाडी सेकंडहँड. आधीच्या मालकाने आत जाड रबरी मॅट टाकलेली होती, ती आम्हाला फुकट मिळाल्यासारखी वाटली होती. ती उचलून बघायचं कुणाला सुचलं नाही. मॅट वरून कोरडी दिसे. खाली पावसाचं पाणी, माती आणि गंज यांचा चिखल झाला होता, हौद्याची पाणी जायची भोकं त्याने बुजली होती. पत्रा वाचवायला टाकलेल्या मॅटनेच पत्रा खाल्ला.

पहिल्या रविवारी मला वाटत होतं की हे सगळं त्या डेबिट नोटमुळे चाललंय. उन्हाळ्यात एका कारखान्याच्या टॉवेलच्या सहा गठ्ठ्यांना खालून काळे पट्टे पडले होते. रबर काळं करायला त्यात काजळी घालतात, आणि जुन्या टायरच्या चुऱ्यापासून केलेली स्वस्त मॅट सोलापूरच्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत तापली की पांढऱ्या कपड्याला डाग देते. कारखान्याने भाड्यातून पैसे कापले. त्यांचंही चुकलं असं म्हणता येत नाही.

तर पर्याय. लोखंडी चेकर पत्रा सगळ्यांत दणकट, कास्टिंग आपटा नाहीतर काही करा. पण आमचा हौदा साधारण नऊ फूट बाय साडेपाच. तीन मिलिमीटरचा पत्रा घातला तर एकशे दहा-पंधरा किलो नुसता पत्रा, म्हणजे प्रत्येक फेरीला दोन पोती माल कमी. आणि तोही गंजणारच. बारा मिलिमीटरचं प्लायवूड हलकं, तीस-पस्तीस किलोत भागतं, पण एक पावसाळा झाला की पापुद्रे सुटतात. प्लास्टिकचा जाड लायनर धुवायला सोपा, बरीच रसायनं सोसतो, मात्र त्यावर ड्रम घसरतात. शिवाय गाडीच्या हादऱ्याने तो खालचा रंग घासून काढतो आणि तिथे पुन्हा तोच चिखल.

प्लास्टिकच्या लायनरबद्दल एक गोष्ट मात्र सगळ्या पिकअपवाल्यांनी लक्षात ठेवावी. हौद्यात कॅन ठेवून पेट्रोल भरू नये. कॅनमध्ये तयार होणाऱ्या स्थिर विजेला प्लास्टिकमुळे जमिनीत उतरायला वाट मिळत नाही, ठिणगी पडते. असे भडके उडालेले आहेत. कॅन खाली जमिनीवर ठेवायचा, मग भरायचा.

तिसऱ्या रविवारी दुकानदाराने स्वतः आग्रह करून एक मॅट दाखवली. डाग न देणारं रबर, चांगली पकड, वजन पन्नास किलोच्या आसपास. मला पटली. दुकानदार म्हणाला, "काळीच घ्या भाऊ. काय बी सांडू द्या, डाग म्हणून दिसायचा नाय."

धाकटा माझ्याकडे वळून हळू म्हणाला, "भाईजान, डाग छुपनेवाला नक्को मेरे कू. दिखनेवाला होना."

आम्ही बाहेर चहाला थांबलो. तिथे त्याने सांगितलं. गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहाच्या सुमारास तो टॉवेल पोचवून रिकामी गाडी घेऊन परत येत होता. एका ढाब्यापुढे तीन मोटारसायकली आडव्या आल्या. नाव विचारलं. नाव सांगितल्यावर मागे काय होतं ते विचारलं. टॉवेल, तो म्हणाला, चलन दाखवलं. एकाने मोबाईलचा टॉर्च फाळक्यावर मारला. फाळक्याच्या फटीतून लाल पाणी गळत होतं. "मग हे काय?" दुसऱ्याने व्हिडिओ सुरू केला.

मॅटखालचं पाणी. चढावर गाडी कलली आणि साचलेलं सगळं बाहेर आलं.

राज्यातला 1976 चा कायदा 2015 मध्ये कडक झाला. तेव्हापासून आमच्यातले गाडीवाले बकरे आणतानासुद्धा बाजाराची पावती वरच्या खिशात ठेवतात, हे मला माहीत होतं. रिकाम्या गाडीची पावती कुठे मिळते, हे मला सुचलं नव्हतं.

ढाब्यावर उसाच्या ट्रॅक्टरचा एक म्हातारा ड्रायव्हर जेवत होता. तो उठून आला, पाण्यात बोट बुडवलं, चोळलं, वास घेतला. "गंज हाय रं ह्यो. माझ्या ट्रॉलीतनं बी असंच येतंय." पोरं काही न बोलता निघून गेली. सगळं मिळून वीस मिनिटं. त्या म्हाताऱ्याने याला बसवून पाणी पाजलं. घरी याने कुणालाच सांगितलं नाही, अम्मीला तर अजूनही माहीत नाही.

मग मी मॅटचा विषय सोडला. आम्ही ॲल्युमिनियमचा चेकर पत्रा घेतला. महाग पडला. पण सगळा मिळून चाळीस किलोच्या आत-बाहेर, आणि त्याला लाल गंज चढत नाही. कॉस्टिक सांडलं तर तो खराब होतो, म्हणून ड्रम आणि कास्टिंगच्या फेरीला वर टाकायला गुंडाळून ठेवता येईल अशी रबरी मॅट वेगळी, टॉवेलसाठी स्वच्छ ताडपत्री वेगळी. ॲल्युमिनियम ओल्या लोखंडाला थेट टेकलं तर दोन्ही धातूंचं जमत नाही, ॲल्युमिनियम झिजतं, म्हणून मध्ये रबराच्या पट्ट्या.

त्याआधी वायर ब्रशने गंज काढला, भोकं मोकळी केली. पेंटरने सवयीने रेड ऑक्साइडचा डबा उघडला. गंज रोखायला लावतात ते रेड ऑक्साइडही लोखंडाचंच ऑक्साइड असतं, गंजाचा सख्खा चुलतभाऊ, रंगही तोच. धाकट्याने डबा बंद करायला लावला. पेंटर चिडला, "आत कोण बघायलंय?" शेवटी पिवळा प्रायमर आणि वर फिका राखाडी रंग.

आता तो रोज रात्री शेवटचं भाडं टाकलं की हौदा धुतो, फाळका उघडा ठेवून रिकाम्या हौद्याचा फोटो काढतो. परवा चार्जर शोधताना त्याचा मोबाईल माझ्या हातात आला. गॅलरीत पोरांच्या फोटोंच्या मधे मधे तेच, तारीख आणि वेळेसकट, चकचकीत रिकामा पत्रा.