अब्बांचा ॲम्प्लिफायर

आमच्या माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेली एक लोखंडी पेटी होती. उचलायला दोन माणसं लागत नसत, पण एकट्याने उचलली की कंबर धरायची. निम्मं वजन नुसतं ट्रान्सफॉर्मरचं. तालुक्यातली किती लग्नं, किती जलसे, किती पंचायतीच्या निवडणुका त्या पेटीतून बोलल्या, ते अब्बांनाच ठाऊक. शंभर वॅटचा तो एक ॲम्प्लिफायर, चार कर्णे आणि दोन माइक, एवढ्यावर त्यांनी लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा वीसेक वर्षं चालवला. त्याच पैशातून आम्ही शिकलो.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. थोरला, हे लिहिणारा, उर्दू शाळेत विज्ञान शिकवतो. धाकट्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, अल्लाहचे उपकार, पण उजवा हात गेला आणि बोलणं अडखळू लागलं. तेव्हापासून त्या पेटीचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात भंगारवाला दारावर आला, तेव्हा मात्र आमच्यात कुजबुज झाली. ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्याचे बरे पैसे येणार होते. अब्बांना विचारायची हिंमत दोघांचीही झाली नाही, आणि न विचारता विकायचीही नाही.

त्याच आठवड्यात शाळेत २६ जानेवारीच्या कार्यक्रमाची बैठक झाली. मंडपवाल्याने साउंडचं जे भाडं सांगितलं ते ऐकून हेडमास्तर गप्प बसले. आमच्यातल्या मास्तरच्या तोंडून निघून गेलं, “साउंड आमच्याकडचा आणतो, सर.” विचार नंतर केला.

रात्री अब्बा झोपल्यावर पेटी खाली उतरवली. प्लग लावला, स्वीच दाबला, गुंऽऽ असा आवाज झाला आणि फ्यूज उडाला. मागच्या हीट सिंकवर चार मोठे ट्रान्झिस्टर होते, आपल्याकडे सगळे ओळखतात तसे, खोलगट टोपी उलटी ठेवावी तशा आकाराचे. या प्रकारात दोन पाय बेस आणि एमिटरचे असतात आणि धातूचं अंग म्हणजेच कलेक्टर. जागेवरच मीटर लावला तर चारही शॉर्ट दाखवू लागले. धाकटा म्हणाला, “सगळेच गेले.” तसं नव्हतं. त्यांच्यामागे ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी असते, ती मीटरला जवळजवळ शून्यच दाखवते. बाहेर काढून तपासले तेव्हा एकच मेलेला निघाला.

आता बदली कोणता घालायचा? टोपीवर ओळखीचा नंबर नव्हताच. बनवणाऱ्या कंपनीने स्वतःचा चार अंकी नंबर छापून घेतला होता. पूर्वी बऱ्याच कंपन्या असं करत, म्हणजे गिऱ्हाइकाने दुरुस्तीला त्यांच्याकडेच यावं. दुसऱ्या दिवशी गावातल्या दुकानात विचारलं. पोराने टोपीकडे पाहिलंसुद्धा नाही. “टू-एन-३०५५ टाका, सर. सगळ्यात तोच चालतो.”

खोटं नव्हतं ते. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने काढलेला हा ट्रान्झिस्टर पुढे जगभर गेला. ॲम्प्लिफायर, इन्व्हर्टर, बॅटरी चार्जर, जिथे जड काम तिथे तो. आम्ही एक आणला, मेलेल्याच्या जागी बसवला. ॲम्प्लिफायर चालू झाला. कव्वालीची कॅसेट कुठून मिळणार, मोबाइलवरचं गाणं लावलं. दहा मिनिटं उत्तम. मग दुसरा कर्णा लावून बघावा म्हणून धाकट्याने आवाज चालू असतानाच पहिल्याची वायर ओढली. फट्! नवा ट्रान्झिस्टर गेला, आणि जाताना शेजारचा जुनाही घेऊन गेला.

आतल्या खोलीतून अब्बांचा आवाज आला. “कर्णा... काढला... ना?”

आम्ही दोघे चाळिशीच्या पुढचे बाप्ये, चोरी पकडलेल्या पोरांसारखे त्यांच्या पलंगापाशी उभे राहिलो. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, “व्होल्ट किती मोजले?”

मोजलेच नव्हते. वर्गात पोरांना आम्ही आधी मोजा, मग बोला असं रोज सांगतो. आणि घरी दुकानातल्या पोराच्या शब्दावर ट्रान्झिस्टर बसवला.

ट्रान्झिस्टर काढलेले ठेवून सप्लाय मोजला. पेटी २४ व्होल्टच्या बॅटरीवरही चालते, म्हणून आम्ही तेवढेच धरून चाललो होतो. पण घरच्या विजेवर मीटरने ३२ दाखवले. अब्बांनी डाव्या हाताची दोन बोटं वर केली. “दुप्पट,” ते म्हणाले. थोरल्याला तेव्हा कुठे उजेड पडला. अशा जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टर जोडीने काम करतात, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांना एकेक, आणि सप्लाय मधल्या टोकाला. एक बाजू पूर्ण चालू झाली की तिचं टोक शून्याला खाली येतं आणि समोरचं टोक सप्लायच्या दुपटीला जातं. सी-सॉवर बसलेल्या पोरांसारखं. ३२ ची दुप्पट ६४. टू-एन-३०५५ ची कलेक्टर-एमिटरची मर्यादा ६० व्होल्ट. त्यात चालू आवाजात कर्णा काढला की गुंडाळीतली ऊर्जा जायला वाट राहत नाही आणि व्होल्टचा उसळा त्याहून वर मारतो.

म्हणजे ॲम्पियरकडे बघून निवड करणं चूक होतं. १५ ॲम्पियर त्याला भरपूर होते. त्याच्या नावापुढचे ११५ वॅट मात्र नुसते मिरवायचे, कारण ते अंग २५ अंशांवर राखलं तरच. अंग १०० अंशांना पोचलं की हिशेबाने साधारण ६५ वॅट उरतात. आमच्या गावात मे महिन्यात, पत्र्याच्या मंडपात, २५ अंश?

मोबाइलवर माहितीचे कागद उघडून आम्ही तिघे बसलो. अब्बांना इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात. टू-एन-३७७३ वर त्यांचं बोट थांबलं. जात तीच, एनपीएन, टोपी तीच, भोकं तीच. १४० व्होल्ट, १६ ॲम्पियर, १५० वॅट. गेन थोडा कमी भरू शकतो, पण एवढ्या जुन्या, साध्या सर्किटला त्याने फरक पडणार नव्हता. “चारही बदला,” अब्बा म्हणाले. धाकट्याने कुरकुर केली, दोन तर चांगले आहेत. अब्बांनी मान हलवली. जोडीतला एक कमी-जास्त ओढणारा असला की भार एकावरच पडतो. शिवाय जे दोन वाचले होते त्यांनी काय सोसलंय, ते मीटर सांगत नाही.

पण त्यांच्या मनात आणखी एक शंका होती. त्यांनी मेलेला जुना आणि मेलेला नवा, दोन्ही मागवून डाव्या तळहातावर आळीपाळीने तोलले. मग म्हणाले, “कापा.” धाकट्याने हॅकसॉने टोप्या कडेने कापल्या. जुन्याच्या आत करंगळीच्या नखाच्या निम्म्याएवढा सिलिकॉनचा चौकोन होता. नव्याच्या आत ज्वारीच्या कणीएवढा. थिनरच्या बोळ्याने नव्याचा नंबर पुसला तर तोही निघाला. आमची निवड चुकली होती हे खरंच, पण जे निवडलं तेही हातात आलं नव्हतं. त्या रात्री धाकटा बराच वेळ गप्प होता. मोबाइलच्या धंद्यात तो रोज नकली पार्ट ओळखतो, आणि इथे फसला.

शनिवारी शाळा सुटल्यावर आमच्यातला थोरला मुंबईला गेला. ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत कुणी तसं म्हणत नाही. तीन दुकानांत टू-एन-३७७३ तीन भावांना मिळत होता. सगळ्यात स्वस्त घ्यायचा मोह झाला, लपवत नाही. पगाराला अजून आठवडा होता. शेवटी ज्या म्हाताऱ्या दुकानदाराने स्वतः खिशातून बोळा काढून “पुसून बघा” म्हटलं, त्याच्याकडून एकाच लॉटमधले सहा घेतले. चार लावायला, एक जपून ठेवायला, एक कापायला. घरी आल्यावर पहिलं काम तेच केलं. चौकोन मोठा निघाला. अब्बांनी तो तुकडा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि अम्मीला चहा टाकायला सांगितलं.

बाकीचं काम धाकट्याच्या हातचं. ट्रान्झिस्टरखालच्या अभ्रकाच्या चकत्यांपैकी दोन चिरलेल्या होत्या, त्या बदलल्या. ती चकती फाटकी राहिली तर कलेक्टर थेट पेटीच्या पत्र्याला टेकतो आणि सगळी मेहनत पाण्यात. दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट, तीही पातळ, पोळीवर तूप लावावं तशी. सिरीजला लावायला १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब हवा होता. एलईडीच्या जमान्यात तो मिळेना. अखेर कोंबडीवाल्याकडून पिल्लांना ऊब देण्याचा बल्ब उसना आणला. स्वीच टाकल्यावर तो क्षणभर लख्ख पेटला आणि मंदावत नुसती लाल तार उरली. शॉर्ट असता तर लख्खच राहिला असता. अब्बा पलंगावरून बल्बकडे बघत होते, ॲम्प्लिफायरकडे नाही.

बल्ब काढून पेटी सरळ लाइनवर घेतली. कर्णे आधी जोडले, स्वीच नंतर. मग अब्बांनी माइक मागितला. झटक्यानंतर ते परक्या माणसांसमोर बोलत नाहीत. शब्द वाकडे येतात, म्हणून पाहुणे आले की डोळे मिटून घेतात. त्यांनी माइक डाव्या हातात धरला, दोनदा फुंकला, आणि एकेक शब्द तोडत म्हणाले, “हॅलो... माइक... टेस्टिंग... वन... टू... थ्री.” कर्णा अंगणात गल्लीकडे तोंड करून ठेवलेला. समोरच्या घरातला दिवा लागला. स्वयंपाकघरातून अम्मी ओरडली, “आवाज कमी करा, पोरांच्या परीक्षा आहेत!”

२६ तारखेला कार्यक्रम पार पडला. हेडमास्तरांचं भाषण चाळीस मिनिटं चाललं. आम्ही मधून मधून हीट सिंकवर हात ठेवून पाहत होतो, कोमटच होता.

त्या संध्याकाळी अब्बांनी धंद्याची जुनी वही काढायला लावली. पूर्वी प्रत्येक दुरुस्ती ते तिच्यात लिहीत. शेवटची नोंद निळ्या शाईची, देखण्या अक्षरातली. “सांगा, आम्ही लिहितो,” म्हटलं, तर त्यांनी पेन आपल्याकडे घेतलं. आधी कंपनीचा तो चार अंकी नंबर, पुढे बाण, आणि डाव्या हाताने, लहान पोराच्या पाटीवरच्यासारखे वाकडे, तीन, सात, सात, तीन.