दादाची नाडी

भाऊबिजेला मी माहेरी मूलला जाते, आणि ओवाळण्याआधी दादाचा हात हाती धरून घड्याळाकडे बघते. दादा हसतो. "ओवाळाचं सोडून नाडी पायते, अशी बहीण माह्याच नशिबी!" पण हात मात्र काढून घेत नाही.

लहानपणी दादाला कावीळ झाली, तेव्हा आईने त्याला काड्यांची माळ घातली होती. माळ रोज लांबत गेली आणि कावीळ उतरली. आम्ही माळेला हात जोडले. काड्या वाळल्या, की गाठी सैल होऊन माळ आपसूक लांबते आणि बहुतेक काविळी आपल्या आपणच उतरतात, हे समजायला मला पन्नाशी गाठावी लागली!

पण 'ब' काविळीचा विषाणू मोठा धूर्त. ब्लूमबर्ग यांना १९७६ चे नोबेल मिळाले, ते त्याचीच खूण हुडकल्याबद्दल. लहान वयात शिरला, तर बहुधा डोळे पिवळे न करताच तो यकृतात बिऱ्हाड थाटतो. आमच्या घरी त्याचा पत्ता लागला, तो दादाला रक्ताची उलटी झाली तेव्हा. यकृत कठीण झाले, की रक्त तुंबते आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. वैनगंगा तुडुंब भरली, की नाले उलटे फिरतात ना, तसेच!

डॉक्टरांनी विषाणू दाबणारी एक गोळी दिली, आणि दुसरी चक्क हृदयाची : प्रोप्रॅनोलॉल. मी चिठ्ठी परत पुढे केली. चूक नव्हती. जेम्स ब्लॅक यांनी ती घडवली छातीच्या कळेसाठी. पण १९८१ साली पॅरिसच्या लब्रेक यांनी दाखवले, की नाडी पाव हिश्श्याने मंदावेल इतकी ती दिली, तर पुन्हा रक्तस्राव होण्याचे भय पुष्कळ घटते. विषाणूला ती हात लावत नाही; पुराचे पाणी तेवढे कमी करते.

म्हणून ही मोजणी. ५५ ते ६० असावी, असे डॉक्टरांनी बजावले आहे. यंदा भरली ५८.

"मंग, जाऊ का रातच्या नाटकाले?" दादाने विचारले. झाडीपट्टीतल्या माणसाला दिवाळीनंतर नाटकापासून कोण अडवणार?

तेवढ्यात नातवाने आपला इवलासा हात पुढे केला. त्याची नाडी शंभरावर! धावू दे. जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत त्याला लस टोचली आहे.

मग मी निरांजन लावले.