निर्गुडीचा कोळसा

चित्रासाठी कोळसा करायचा असेल तर निर्गुडीच्या काड्या पावसाळा सरल्यावर तोडाव्यात. करंगळीहून बारीक, शक्य तितक्या सरळ. साल ओली असतानाच सोलायची आणि काड्या सावलीत वाळू द्यायच्या. त्या नीट वाळल्या की पत्र्याच्या डब्यात उभ्या ठासून भरायच्या, फटींमध्ये बारीक वाळू सोडायची आणि झाकणाला खिळ्याने एकच भोक पाडायचं. डबा विस्तवात ठेवला की भोकातून आधी पांढरी वाफ येते, मग पिवळट, जड धूर. त्या धुराला काडी लावली तर तो पेटतो. धूर थांबला म्हणजे लाकडातलं जायचं होतं ते गेलं. पण डबा लगेच उघडायचा नाही. आतल्या गरम कोळशाला हवा लागली तर त्याचा निखारा होतो आणि हाती राख येते. रात्रभर थांबायचं. सकाळी झाकण काढल्यावर काड्या एकमेकींवर आपटून पाहायच्या. काचेसारखा किणकिणाट आला तर कोळसा आतपर्यंत झाला.

हे सगळं मी गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाला शिकलो. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त भामरागडला होता. त्याच्या ओळखीने हेमलकशात एक खोली मिळाली. मातीच्या भिंती, कौलं, उत्तरेला दार. चित्रकाराला उत्तरेचा उजेड का हवा असतो ते कॉलेजात पाठ केलं होतं, या दारात बसल्यावर ते डोळ्यांना कळलं. सावली दिवसभर एका जागी राहते, मॉडेलच्या चेहऱ्यावरून सूर्य फिरत नाही. खोलीत एक बोर्ड, एक बाज, कागद ठेवायला पत्र्याची पेटी आणि कोळशाचे डबे. इतकाच स्टुडिओ.

आलो तेव्हा तैलरंग घेऊन आलो होतो. आलापल्लीहून भामरागडकडे येणारा साठेक किलोमीटरचा रस्ता दोन्ही अंगांनी जंगलाचा आहे, आणि पावसाळ्यात त्या जंगलाचा ओलावा खोलीच्या भिंतीतून आत येतो. पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जातं, पलीकडचं भामरागड तुटतं. अशा दिवसांत जवसाच्या तेलातला रंग वाळतच नाही आणि कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरते. तेलाची बाटली, टर्पेंटाइन, ब्रश, चिंध्या, सगळं बाहेरून आणायचं आणि संपलं की पुन्हा चंद्रपूर गाठायचं. कोळशाला यातलं काहीच लागत नाही. तो वाळावा लागत नाही, वीज गेली तरी अडत नाही, खिशात मावतो.

पण ही सोयीची गोष्ट झाली. खरी गोष्ट वेगळी होती. आमच्या शिक्षणात कोळसा म्हणजे तैलचित्राखालचा आराखडा. कोळशाने आकृती बसवायची, मग फडक्याने झटकून टाकायची आणि रंगाला सुरुवात करायची. झटकल्यावर कॅनव्हासवर जो करडा धूसर ठसा राहतो, तो मला पुढच्या रंगांपेक्षा नेहमीच जास्त जिवंत वाटायचा. तसं वर्गात बोलायची सोय नव्हती. इथे आल्यावर त्या ठशापाशीच थांबायचं ठरवलं. कोरडं माध्यम ही तयारी नाही, ते पूर्ण चित्र आहे, या विश्वासाने मी काम करू लागलो आणि आजही करतो.

लाकडं पारखण्यात बरेच महिने गेले. मी चंद्रपुरात कोळशाच्या धुळीत वाढलो, पण तो दगडी कोळसा. कागदावर ओढला तर खरवडतो, रेघ देत नाही. लोणारी कोळसा काळा असतो, पण एका तुकड्यात मऊ आणि कठीण दोन्ही भाग निघतात. युरोपात विलो आणि द्राक्षवेलीच्या काड्या वापरतात. आपल्याकडे लघुचित्रं काढणारे चिंचेच्या डहाळ्या जाळून त्या कोळशाने रेखाटन करत. चिंच मीही जाळली. तिचा काळा खोल आहे, आणि बारीक रेघेला तिच्यासारखं दुसरं काही नाही. शेवग्याचा कोळसा इतका हलका की बोटात भुगा होतो, पण मोठ्या सावल्या भरायला तोच भुगा कापडाच्या पुरचुंडीत बांधून मी वापरतो. बांबूचा टणक, थोडा निळसर करडा. दूरच्या डोंगरांना, धुक्याला तो बरोबर बसतो. निर्गुडी या सगळ्यांच्या मध्ये आहे, म्हणून रोजचा हात तिच्यावर बसला.

हेमलकसा म्हटलं की लोकांच्या मनात येतो तो लोकबिरादरी प्रकल्प. बाबा आमट्यांनी १९७३ साली तो सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी इथे दवाखाना उभा केला, पुढे १९७६ साली आश्रमशाळा सुरू झाली. २००८ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा हे गाव जगाच्या नकाशावर आलं. प्राण्यांचं अनाथालय त्याआधीपासूनच होतं. शिकाऱ्यांनी मारलेल्या माकडिणीच्या अंगाला चिकटलेलं जिवंत पिल्लू प्रकाशभाऊंनी मागून घेतलं आणि तिथून ते सुरू झालं, ही हकिकत महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक आहे. माझ्यासाठी ते अनाथालय म्हणजे शरीररचनेचा वर्ग झाला. पाहुण्यांसारखाच कुंपणाबाहेर बसायचो, मांडीवर बोर्ड.

अस्वल कोळशासाठीच जन्माला आलेलं जनावर आहे. सुरुवातीला मी केस एकेक करून काढायचो आणि अंग पेंढा भरल्यासारखं दिसायचं. मग पद्धत उलटी केली. आधी शेवग्याची पूड चोळून अख्खा कागद काळा करायचा, नंतर पुट्टी रबराने त्यातून उजेड उचलायचा. नाकाडाचा फिका भाग, छातीवरचा पांढरट पट्टा, पाठीवर उन्हाने चमकलेली केसांची कड, एवढंच काढायचं. बाकीचं अस्वल काळोखात असतं आणि पाहणाऱ्याचा डोळा ते पुरं करतो. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे जंगलात जाणाऱ्या बायकांना अस्वल असंच दिसतं, आधी काळोखाचा एक जास्त काळा तुकडा. त्या भेटीत माणसं जखमी होतात, जीवही जातो. म्हणून अस्वलाचं चित्र गोंडस करायला माझा हात तयार होत नाही.

एकदा असंच काम चालू होतं. गवतामुळे पंजे दिसत नव्हते, तो भाग मी मोकळा ठेवला होता. आश्रमशाळेतली एक मुलगी बराच वेळ मागे उभी होती. म्हणाली, "सर, पाय करा ना."

"दिसत नाहीत गं. उठलं की करतो."

"अस्वलाची नखं बाहेरच राहतात, सर. बिबट्याची आत जातात." तिने खाली पडलेला कोळशाचा तुकडा उचलला आणि कागदाच्या कोपऱ्यात पंजा काढला. पाच लांब नखं, थोडी आत वळलेली. मग त्याच्या शेजारी जमिनीवर उमटतो तसा ठसा काढला आणि अस्वल कुठल्या बाजूला गेलं ते बोटाने दाखवलं. पंजाचा आकार आणि त्याचा माग, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिच्या मनात स्वच्छ होतं. मला कुठल्याही शिक्षकाने पाऊल असं शिकवलं नव्हतं. तो कोपरा मी कापला नाही. चित्राला माउंट घातला तोही कोपरा दिसेल असाच.

ओल्या रंगात हे घडलं नसतं. ओल्या चित्राला कोणी हात लावत नाही, लावू देतही नाहीत. कोळशाचं चित्र बोटाने पुसता येतं, पुन्हा काढता येतं, म्हणून त्यात बाजूच्या माणसाला शिरता येतं. ऐनाचं खोड काढत असलो की जाणारा माणूस थांबतो, खवल्यांच्या भेगा बोटाने दाखवतो, त्या उभ्या जास्त खोल आहेत म्हणून सांगतो. धावडा काढताना तोच माणूस म्हणतो, इथे काही करू नका, कागद तसाच ठेवा. धावड्याची साल खरोखरच तितकी गोरी आणि गुळगुळीत असते.

शहरात कोणाला सांगितलं की मी माडिया गोंड आदिवासींच्या भागात चित्रं काढतो, तर समोरचा लगेच ठिपक्यांच्या हरणांची आठवण काढतो. ती शैली मध्य प्रदेशातल्या परधान गोंडांची, जनगढसिंह श्याम यांच्या हातून ती जगभर गेली. माडियांची कला दुसरीकडे आहे. ती लाकडी खांबांवरच्या कोरीवकामात आहे, फण्यांत आहे, बायकांच्या चेहऱ्यावरच्या गोंदणात आहे. गोंदणाचा काळा म्हणजे काजळी. माझ्या डब्यातला काळा आणि त्या कपाळावरचा काळा एकाच जातीचा आहे. फरक इतकाच की माझा फुंकरीने उडतो.

मेलेल्या माणसांच्या नावाने माडिया उभे दगड रोवतात. एका गावाबाहेर असे दगड आहेत, काही माणसाच्या उंचीचे, काही गुडघ्याएवढे. दगडावर कागद धरून वरून कोळसा घासला तर दगडाचा पोत जसाच्या तसा उतरतो. मला ते करायचं होतं. गावच्या पाटलांना विचारलं. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हात नको लावू, दादा. बसून काढ. ते पाहतील तुला." तिथे मोहाच्या झाडाखाली मला बसायला त्यांनीच जागा करून दिली आणि स्वतः शेजारी बसले. कुठला दगड कोणाचा हे सांगत राहिले. त्या चित्रात दगडांचा पोत अंदाजाने आलेला नाही, तो ऐकत ऐकत आला आहे. घासून घेतलेल्या ठशात मला एवढं मिळालं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

कोरड्या चित्राचा खरा घोर असतो तो टिकवण्याचा. कोळशात चिकटवणारं काही नसतं. कण कागदाच्या खरबरीत अंगात नुसते अडकून बसलेले असतात. त्यासाठी फिक्सेटिव्ह लागतं, आणि ते इथल्या झाडांवरच लागतं हे कळलं तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे आपल्याभोवती कवच करतात. ती लाख खरवडून, धुऊन, वितळवून तिचे पातळ पापुद्रे केले की चपडी होते, फर्निचरला पॉलिश करणारे वापरतात तीच. शंभर मिलीलिटर स्पिरिटमध्ये दोनेक ग्रॅम चपडी विरघळवायची आणि तोंडाने फुंकायच्या नळीने चित्रावर दुरून तुषार सोडायचे. जवळून किंवा जास्त फुंकलं तर चित्रातले करडे रंग मरतात, सगळं एकसारखं काळं होतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातले चित्रकार कोळशाची आणि पेस्टलची चित्रं पक्की करायला अनेकदा लाखेचंच द्रावण वापरत, आणि जगाच्या बाजारातली बहुतेक लाख जायची ती भारतातून. पळसाची फांदी हातात धरली की देगाच्या काळातल्या पॅरिसच्या स्टुडिओंशी आपलं काहीतरी नातं लागतं.

पावसाळ्यात चित्रं बटर पेपरमध्ये घालून पत्र्याच्या पेटीत ठेवतो. फ्रेम करताना काच कागदाला टेकू देत नाही, मध्ये माउंटची जाडी सोडावी लागते. काच टेकली तर दमट हवेत निम्मा कोळसा तिच्यावर जातो.

गेल्या काही वर्षांत काळ्याच्या जोडीला लाल आला. या जिल्ह्याच्या मातीत लोखंड आहे. एटापल्लीकडचा सूरजागडचा डोंगर तर लोहखनिजाचाच, आणि तिथे ठाकूरदेव आहे, दर वर्षी यात्रा भरते. त्या डोंगराला मी हात लावत नाही. त्यातल्या खनिजावरून या भागात किती दुःख आणि किती भांडण झालं आहे हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. ओढ्याच्या काठी लाल मऊ दगडाचे गोटे सापडतात, तेवढे पुरतात. लिओनार्दोने ज्या लाल खडूने माणसांचे चेहरे काढले, त्याचा लालही हेमॅटाइटचा, म्हणजे अशाच लोहखनिजाचा. गोटे खलबत्त्यात कुटायचे, पाण्यात कालवून वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं, तिथे खाली बसेल तो गाळ घ्यायचा. त्यात पांढरी माती आणि धावड्याच्या डिंकाचं अगदी पातळ पाणी घालून कांड्या वळायच्या. डिंक वाढला की कांडी कागदावरून घसरते, कमी पडला की हातात फुटते. पेस्टलमध्ये पूर्वापार ट्रॅगाकँथ गोंद वापरतात, पण धावड्याच्या डिंकाने माझं काम उत्तम चालतं. मुलांचे चेहरे आता मी याच लाल रंगाने काढतो. सावळ्या कातडीच्या आत जी ऊब असते ती नुसत्या कोळशाला कधीच सापडली नव्हती.

कागद तेवढा अजून बाहेरचा. पुण्याहून हातकागद मागवतो, सुती चिंध्यांचा. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू किती वर्षं बल्लारपूरच्या मिलमध्ये जाऊन कागद होत आला, आणि तो बांबू स्वतः विकण्याचा हक्क गावाच्या हाती यायला २०११ साल उजाडलं, मेंढा-लेखा गावाने तो मिळवला. त्याच बांबूचा कागद इथे हाताने करता येईल का, हे मला पाहायचं आहे. आश्रमशाळेच्या मुलांनी कोवळ्या बांबूच्या कामट्या ठेचून चुन्याच्या पाण्यात घातल्या आहेत. थंडीत त्या काढू, सोडा घालून उकळू, उखळात कुटू आणि चौकटीवर गाळून पाहू. पहिला कागद जाड आणि खरबरीत निघणार. कोळशाला तसाच लागतो.